चार अधिक चार बरोबर सात पूर्णांक अठ्ठ्याऐंशी

मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. हे मिरवायला सांगत नाही, पण हे ठाऊक असल्याशिवाय पुढचा अपमान नीट समजायचा नाही. माझी स्कूटर चिकपेटेत शिरली की कापडवाले मीटरची पट्टी आपोआप सरळ धरायचे. अर्ध्या मिलिमीटरची लबाडी मी पाच पावलांवरून ओळखत असे. अशा माणसाला वीतभरही लांब नसलेल्या एका हिरव्या पट्टीने आठ दिवस नाचवलं, आणि शेवटी त्याचा अंगठा धरला.

सुरुवात झाली ती बायकोच्या परीक्षेपासून. कावेरीचा एम.ए.चा शेवटचा पेपर राहिला होता, विषय इतिहास. हाच पेपर तिने एकतीस वर्षांपूर्वी सोडला होता, कारण माझी बदली रायचूरला झाली होती, सामान बांधायचं होतं, आणि मी म्हणालो होतो, "पुढच्या वर्षी दे की." ते पुढचं वर्ष यायला एकतीस वर्षं लागली. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मला ते रोज ऐकू येतं. आता तिने मुक्त विद्यापीठात नव्याने नाव घातलं होतं, बाकीचे पेपर केंद्रावर जाऊन दिले होते, आणि हा शेवटचा पेपर घरी बसून संगणकावर द्यायचा होता. सोमवारी, सकाळी दहा वाजता.

तिने आमचा जुना संगणक परीक्षेसाठी नोंदवून टाकला. नोंदणी झाल्यावर पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिली, नोंदवलेला संगणक आता बदलता येणार नाही. दुसरी, त्याची मेमरी किमान आठ जीबी असली पाहिजे. आमची चार होती. अटी आधी सांगून मग नोंदणी करून घ्यायची, ही पद्धत त्या विद्यापीठात नसावी.

"बाई, हे मी बघतो," मी म्हणालो. "तू अभ्यास कर."

"कुणाला तरी बोलवा की," कावेरी म्हणाली.

"चार आहे, आठ हवी. चार आणून घालायची. यात बोलवायचं कुणाला?"

तरी मी वरच्या मजल्यावरच्या हर्षला विचारलं. हर्ष आमचा भाडेकरू, पुण्याचा मुलगा, महादेवपुऱ्याला एका कंपनीत संगणकाचंच काहीतरी करतो. "काका, एकदम सिंपल आहे," तो म्हणाला. "रॅमची अजून एक स्टिक टाकायची, डन."

"मग रविवारी येऊन टाकून दे."

त्याचा चेहरा पडला. "काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी आतून कधी उघडून बघितला नाहीये."

आमचे शेजारी गुरुदत्तअण्णा मात्र न बोलावता आले. ते टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत आणि तारेने चालणाऱ्या सर्व वस्तू आपल्याच खात्यात येतात असं मानतात. त्यांनी आमच्या बसवनगुडीत आजवर तीन मिक्सर, एक गीझर आणि देवळातला एक लाउडस्पीकर दुरुस्त केला आहे. पैकी लाउडस्पीकर अजून चालतो, पण बंद होत नाही. त्यांच्या देखरेखीखाली मी संगणकाच्या डब्याचे स्क्रू काढले, आतली मेमरीची पट्टी बाहेर घेतली, आणि माझी पोलादी पट्टी लावून मोजली. एकशे तेहतीस मिलिमीटर आणि वर थोडंसं. वहीत नोंद केली, खाली सही केली. सवय.

एस. पी. रोडवर नागराज नावाच्या माणसाचं संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट, तीत नागराज बसतो आणि गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहतं. मी म्हणालो, मेमरीची पट्टी हवी, चारची.

"थ्री-आ, फोर-आ, सार?"

"चार."

"ते नव्हे सार. डीडीआर थ्री-आ, फोर-आ?"

"एकशे तेहतीस मिलिमीटर," मी ठामपणे सांगितलं आणि वही दाखवली.

नागराजने वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे उभ्या सात माणसांकडे बघितलं आणि एक पट्टी पुढे केली. मी तिथेच मोजली. एकशे तेहतीस आणि वर थोडंसं, तंतोतंत. लांबी जुळल्यावर आणखी काय जुळायचं राहतं, हा प्रश्न मला पडला नाही, कारण चौतीस वर्षांत तो पडायची वेळच आली नव्हती.

घरी आल्यावर पट्टी बसेना. तिच्या तळाला एक खाच असते आणि खोबणीत एक उंचवटा असतो. दोन्ही समोरासमोर यावे लागतात. आमचे एकमेकांना चुकवून पुढे जात होते. तिसऱ्या पिढीची आणि चौथ्या पिढीची पट्टी लांबीला सारखी असते, फक्त खाच थोडी सरकलेली असते, हे मला नंतर कळलं. माझ्या खात्यात असा माल बनवणाऱ्यावर खटला झाला असता.

गुरुदत्तअण्णांनी खिशातून कानस काढली. "स्वल्प घासू या, रघुपतिराव. दुसरी खाच पाडू. कारखान्यात आम्ही हेच करत होतो."

मी पट्टी धरलीही होती. कावेरीने पुस्तकातून मान वर न काढता हात पुढे केला आणि कानस घेऊन आपल्या मांडीखाली ठेवली.

दुसऱ्या खेपेला मी जुनी पट्टीच रुमालात गुंडाळून नेली. नागराजने तिच्यावरचा छापील मजकूर वाचला, "फोर सार, आधीच दाखवायचं की," म्हणाला आणि पट्टी बदलून दिली. ही बसली. संगणक सुरू झाला. मी कावेरीला बोलावलं, गुरुदत्तअण्णा आलेलेच होते, हर्षही जिन्यात येऊन उभा राहिला. मी मेमरीचा आकडा उघडून दाखवला. तिथे लिहिलं होतं, आठ. आणि कंसात, वापरण्याजोगी सात पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.

चार अधिक चार. मी आयुष्यभर साखरेच्या पोत्यात, रॉकेलच्या मापात, पेट्रोलच्या पंपात हीच बेरीज राखत आलो होतो.

"काका, ते नॉर्मल आहे," हर्ष म्हणाला. "थोडी डिस्प्लेसाठी जाते."

"कुणाला विचारून जाते?"

खरी पंचाईत पुढे झाली. विद्यापीठाचं संगणक तपासण्याचं एक पान होतं, ते लावलं, तर तेही माझ्यासारखंच निघालं. त्याने सात पूर्णांक अठ्ठ्याऐंशी वाचलं आणि लाल फुली मारून 'अपात्र' असं लिहिलं. कावेरीने ती फुली बघितली आणि पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसली. तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी मदत केंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक तरुण आवाज आला. त्याला मी समजावून सांगितलं की प्रत्येक मापाला कायद्याने थोडी चूक माफ असते, आणि इथली तूट दीड टक्काच आहे.

"सर, मिनिमम आठ," तो म्हणाला.

"आठच आहे. डब्यावर आठ आहे."

"सर, सिस्टम सात दाखवतं. तुम्ही संगणक बदलून घ्या. फॉर्म भरायचा, राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणायची, मग सात कामाचे दिवस."

"मीच राजपत्रित अधिकारी होतो."

"होता, सर," तो नम्रपणे म्हणाला आणि पुन्हा बासरी लागली.

मंगळवारी तिसरी खेप. आता नागराज मला बघून स्टूल पुढे करू लागला होता. त्याने नवी चारची पट्टी परत घेऊन आठची दिली. जुनी चार आणि ही आठ, म्हणजे बारा. मग डिस्प्लेने काय खायचं ते खावं. पण मनात शंका होती, कारण निघताना गुरुदत्तअण्णांनी बजावलं होतं की वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या दोन पट्ट्या एकत्र घातल्या तर एकमेकींना जाळतात. मी नागराजला विचारलं.

"काही नाही होत सार. फास्ट आहे ती स्लोच्या स्पीडनं चालते. अॅडजस्ट माडकोळ्ळत्ते."

पट्ट्या एकमेकींना जुळवून घेतात, हे मी घरी येऊन कावेरीला सांगितलं. "लग्नासारखंच की," ती म्हणाली. आमच्यात फास्ट कोण, हे तिने सांगितलं नाही. मी डबा उघडायला घेतला, तेव्हा तिने अडवलं. उद्या आयुधपूजा. नवी वस्तू पूजा झाल्याशिवाय लावायची नाही.

आमचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं, असं आमचे लोक सांगतात. पुरावा मी मागितलेला नाही. पण इतक्या वर्षांत आम्ही कानडी लोकांकडून काय घेतलं असेल तर ही आयुधपूजा. त्या दिवशी या गावात ज्याचं पोट ज्या वस्तूवर, तो त्या वस्तूला हळदीकुंकू लावतो. रिक्षांना केळीचे खुंट बांधतात, बसला झेंडूच्या माळा घालतात, सुताराचा रंधा पाटावर बसतो. माझी आयुधं म्हणजे खात्याने निरोपाला दिलेली पितळी वजनं, पोलादी पट्टी आणि स्कूटर.

मी कावेरीला आदल्या दिवशीच ताकीद दिली. "संगणकाच्या आत कुंकू जाता कामा नये. ते नाजूक यंत्र आहे. लावायचंच तर डब्यावर, बाहेरून, एक टिकली."

"सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. आणि तिने खरोखरच अनामिकेने कोरड्या कुंकवाची एक टिकली डब्याच्या झाकणावर लावली, वर एक झेंडू ठेवला आणि अभ्यासाला बसली. मी माझी पूजा केली. पितळेवर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून मी ते तेलात कालवतो आणि अंगठ्याने दाबून लावतो. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत सगळी वजनं, मग स्कूटर, चाकाखाली लिंबू. हे होईतो पावणेबारा झाले. बुधवारी राहुकाळ बाराला लागतो. माझा राहुकाळावर विश्वास नाही, पण बाराच्या आत काम आटपलं तर कुणाचं काय बिघडतं?

हात पंच्याला पुसले, फ्रीज उघडून घोटभर पाणी प्यालो, आणि कामाला लागलो. गुरुदत्तअण्णांनी अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून मला ओल्या फरशीवर अनवाणी उभं केलं. जुनी पट्टी जरा हलल्यासारखी वाटली म्हणून तीही काढून पुन्हा बसवली. दोन्ही पट्ट्या टक टक आवाज करून बसल्या. बाराला चार मिनिटं कमी असताना मी बटण दाबलं.

संगणकाने तीन शिट्ट्या मारल्या. पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा तीन शिट्ट्या. शिट्ट्या ऐकून हर्ष खाली आला आणि म्हणाला, "काका, रिस्टार्ट करून बघितलं का?" मग मी त्याच्याशी जे बोललो ते सणाच्या दिवशी बोलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. बाजार बंद. मी दिवसभर पट्ट्या काढत होतो, घालत होतो, एकेक घालत होतो, जागा बदलत होतो. तीन शिट्ट्या. गुरुदत्तअण्णा म्हणाले, "जळल्या. मी सांगितलं होतं." कावेरी दारात उभी राहून बघत होती. तिच्या हातात पुस्तक होतं, त्यात बोट घालून ठेवलेलं होतं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वी सामानाच्या पेट्यांमध्ये अशीच उभी होती. आणि माणूस अशा वेळी जे करू नये नेमकं तेच करतो.

"तुझ्या कुंकवानं झालं हे," मी म्हणालो. "झाकणाच्या फटीतून आत गेलं. मी सांगितलं होतं."

कावेरीने पुस्तकातलं बोट काढून घेतलं. "सरी," ती म्हणाली. "माझ्या कुंकवानं." आणि आत जाऊन वाचायला बसली. पान मात्र उलटल्याचा आवाज आला नाही.

शुक्रवारी दुकानं उघडली ती फक्त पूजेचा प्रसाद वाटायला. शनिवारी सकाळी मी अख्खा डबाच मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. रिक्षाला दोन्ही बाजूंनी सुकलेले केळीचे खुंट, मांडीवर झेंडू आणि कुंकू लावलेला पत्र्याचा डबा. लालबागपाशी सिग्नलला एका बाईने नमस्कार केला. डब्याला.

नागराजने हात वर केले. "मी विकतो सार, रिपेरी नाही. जिन्याखाली धनलक्ष्मीअक्का आहे, तिला दाखवा."

धनलक्ष्मीअक्का पन्नाशीची बाई. जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात एक दिवा, एक भिंग आणि केसांत मोठा गजरा घेऊन बसलेली. मी तिला सगळं सविस्तर सांगितलं. वेगळी कंपनी, वेगळा वेग, बायकोचं कुंकू. ती ऐकत होती की नव्हती कोण जाणे. तिने दोन्ही पट्ट्या काढल्या, तळाची सोनेरी कड भिंगाखाली धरली, आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"इदु यार हेब्बेट्टु, सार?"

हा अंगठा कुणाचा, असं ती विचारत होती. मी भिंगातून बघितलं. सोनेरी दातांवर तेलकट लाल रंगाचा एक अंगठा उमटला होता, चांगला स्पष्ट, रेषांसकट, आणि मधून एक तिरका व्रण गेलेला. तो व्रण मला शिसाचे शिक्के मारायच्या पकडीने दिला होता, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. जुन्या पट्टीवरही तोच अंगठा होता. अव्वल निरीक्षकाने जागोजाग तपासून शिक्का मारावा तसा.

धनलक्ष्मीअक्काने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, तेव्हा मी तो खिशात घातला. मग तिने शाळकरी मुलांचा पांढरा खोडरबर घेतला आणि सोनेरी कड घासली. रबर लाल झाला. खोबणीत ब्रश फिरवला, पट्ट्या बसवल्या, बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी, आणि पडदा उजळला. बारा. कंसात अकरा पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. दोन्ही पट्ट्या शहाण्यासारख्या एकत्र चालत होत्या.

"किती द्यायचे, अक्का?"

"रबरचे काय घ्यायचे, सार? बिडि सार, जाऊ द्या." तिने तो रबर माझ्या शर्टाच्या खिशात टाकला. "राहू द्या. पुढच्या आयुधपूजेला लागेल."

घरी आलो. तपासणीच्या पानाने हिरवी खूण केली. कावेरीच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रक्त आलं. "काय झालं होतं?" तिने विचारलं.

आता बोलायची वेळ होती. "सैल बसली होती," मी म्हणालो.

"असं होय," कावेरी म्हणाली. मला स्वतःची लाज वाटली, पण ती सोमवारनंतर सविस्तर वाटून घ्यावी असं मी ठरवलं. परीक्षेच्या आधी बाईचं मन कशाला अस्वस्थ करायचं, असा एक उदात्त विचारही मी तयार ठेवला होता. गुरुदत्तअण्णांनी सगळ्या गल्लीला सांगितलं की दुरुस्ती त्यांच्या सल्ल्यानेच झाली.

सोमवारी साडेनऊला कावेरी निळी साडी नेसून संगणकासमोर बसली. खोलीत दुसरं कुणी चालत नाही, म्हणून मी बाहेर दाराशी उभा राहिलो. दार पुरतं लागलेलं नव्हतं. विद्यापीठाची कुणी पर्यवेक्षक मुलगी पडद्यातून हिंदीत विचारत होती आणि कावेरी आपल्या बसवनगुडीच्या हिंदीत उत्तरं देत होती. मी मराठीत सांगतो.

"मॅडम, टेबलावर काय काय आहे?"

"एक कोरा कागद, एक पेन्सिल, एक खोडरबर."

"रबर कॅमेऱ्यासमोर धरा. तो एका बाजूने लाल का आहे? त्यावर काही लिहिलंय का?"

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. शनिवारचा शर्ट धुऊन, इस्त्री होऊन कपाटात होता.

"कुंकू आहे," कावेरी म्हणाली. "आमच्या यजमानांचं. आयुधपूजेला तेलात कालवून अंगठ्याने वजनांना लावलं, आणि त्याच हाताने संगणकाच्या पट्ट्या बसवल्या. अंगठा फ्रीजवर पण होता, मी पुसला. संगणक बंद पडला तर म्हणाले, माझ्या कुंकवानं पडला."

मग ती मुलगी जपून म्हणाली, "ठीक आहे, मॅडम. हे सगळं रेकॉर्ड होतं आहे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो. म्हणून तर सांगितलं."

चौतीस वर्षांत मी शेकडो पंचनामे केले. माझा झालेला हा पहिला. त्यात कुठेही खाडाखोड नव्हती, एक अक्षर जास्त नव्हतं, आणि मला सही करायला सांगितली असती तर मी मुकाट्याने केली असती. एकतीस वर्षांपूर्वीच्या रायचूरचीही राहिली होती, तीही त्याच कागदावर केली असती.

दहाला दोन मिनिटं कमी होती. "अहो," आतून आवाज आला, "दार नीट लागलं नाही. स्वल्प ओढून घ्या."

मी अंगठा बाजूला ठेवला आणि चार बोटांनी दार ओढून घेतलं.